पालक संघाचा निधी आमच्याकडे राहायला होता

पालक संघाचा निधी खजिनदाराच्या घरी राहतो, अशी आमच्या शाळेची पद्धत आहे. म्हणून गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी तो रेक्झिनची बॅग घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

मी काही हौसेने खजिनदार झाले नव्हते. निवडणुकीच्या सभेला मी गेले नव्हते, कारण माहेरी चुलतभावाचा साखरपुडा होता. आणि आमच्याकडे जो सभेला येत नाही त्याच्याच गळ्यात पद पडतं. परत आल्यावर कळलं. हे म्हणाले, "असू दे गं, वर्षाचा तर प्रश्न आहे." यांना म्हणायला काय जातंय? पोळ्या मला लाटायच्या होत्या.

निधी दिसायला चारचौघांसारखाच होता. पन्नाशीचा, फिकट बुशशर्ट, केस पाणी लावून बसवलेले. बरीच वर्षं तो खर्चच झाला नव्हता, त्यामुळे अंगाने भरलेला होता, आणि मार्चअखेर व्याज लागलं की पोट आणखी थोडं सुटायचं. माझ्या आधी खजिनदार असलेल्या इनामदारांनी त्याला जिन्याखालच्या खोलीत ठेवलं होतं. कुणी पाहुणं आलं की "हे शाळेचे" एवढंच सांगून ते दार ओढून घ्यायचे.

"वहिनी, माझं वेगळं काही करू नका," तो आल्या आल्या म्हणाला. "मला वापरायचं नसतं. नुसतं सांभाळायचं असतं."

पण तो आयतं बसून खाणारा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यापाशी आला, लसणाचा गड्डा मागून घेतला आणि खिडकीजवळ स्टूल ओढून सोलत बसला. एकेक पाकळी अशी सोलायचा की सालाला वाईट वाटू नये. सगळं कामच त्याचं निवांत. माझी मुलगी सावनी, पाचवीतली, रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकून घास कोंबायला लागली की हा म्हणायचा, "सावकाश. घाई नाही." अकरा वर्षं स्वतःच्या सभा तहकूब होताना बघितलेल्या माणसाला कसली आलीय घाई! सासूबाई तर त्याच्यावर खूशच होत्या. "असा शांत पुरुष आपल्या घराण्यात झाला नाही हो," असं त्या आमच्या ह्यांच्याकडे बघत म्हणायच्या.

आणि एक सांगते. दुपारी सगळ्यांची पानं आवरून मी ओटा पुसायला घेतला की तो विचारायचा, "वहिनी, तुम्ही जेवलात का?" लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या. हा प्रश्न या घरात मला पहिल्यांदा पालक संघाच्या निधीने विचारला.

त्याची तब्येत बिघडायची ती फक्त सभा झाली की. चहा-वेफर्सचा खर्च त्याच्यातूनच होई, त्यामुळे घरी येईपर्यंत त्याला गरगरायला लागायचं. मग मी लिंबू सरबत करून द्यायची. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचं बिल निघालं, त्यात त्याची डाव्या हाताची करंगळी गेली. "चालायचंच," तो म्हणाला. "नारळ महाग झालेत."

सावनीची पाण्याची बाटली सकाळी भरून द्यायची आणि संध्याकाळी घ्यायची, हेही काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी त्याने ती बाटली माझ्यापुढे ओट्यावर आणून ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली.

"रोज अशीच येते," तो म्हणाला.

मी सावनीला हाक मारली. "काय गं, दिवसभर घशाला कोरड पडत नाही का तुझ्या? मूतखडा झाला म्हणजे?"

ती फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं!"

"कडी नाहीये आई तिथे. एकीने आत जायचं, एकीने दार धरायचं. माझं दार प्राची धरायची. ती आता ब तुकडीत गेली."

त्याच शाळेत मी तीन सभांना जाऊन वेफर्स खाऊन आले होते. त्या संध्याकाळी लसूण तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिका हर्षे बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो, मला का कळत नाही? पण निधी पालक संघाचा. विषय सभेपुढे ठेवा." सभेपुढे म्हणजे अध्यक्षांपुढे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

अध्यक्ष शेडबाळे. बसस्टँडसमोर त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान आहे. त्यांना शाळेच्या फाटकावर स्वागत कमान हवी होती. कमानीचं चित्र ते खिशात घेऊनच फिरत. त्यात शाळेचं नाव होतं, त्याखाली शेडबाळेंचं नाव होतं, आणि शाळेचं नाव वाचायला जरा पुढे जावं लागायचं.

फेब्रुवारीत सभा भरली. सभेत खजिनदाराने निधी हजर करायचा असतो, म्हणून तो माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसला होता. गणसंख्या मोजली तर एक माणूस कमी. एरवी अशा वेळी शेडबाळेच उठून सभा पुढच्या महिन्यावर ढकलायचे, लोक चहा पिऊन घरी जायचे, आणि तेवढ्यापुरता निधी जरासा बारीक व्हायचा. पण या वेळी पाडव्याला कमानीचं उद्घाटन करायला त्यांनी कुणा मोठ्या पाहुण्यांची वेळ घेऊन ठेवली होती. सभा तहकूब होऊन चालणार नव्हतं.

त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ती आमच्या रांगेवर येऊन थांबली.

"हे बसलेत की."

"ते निधी आहेत," मुजावर म्हणाले. मुजावर म्हणजे फरशीवाले, त्यांच्या दोन मुली शाळेत आहेत. संघाची घटना आख्ख्या सभेत त्यांनी एकट्यानेच वाचलेली.

"हजर आहेत की नाहीत?"

"हजर आहेत."

"मग धरा."

"धरायला हरकत नाही, साहेब. पण एकदा गणसंख्येत धरलं की ते सभासद झाले. मग बोलायचा हक्क आला, ठराव मांडायचा हक्क आला."

"येऊ द्या की!" शेडबाळे हसले. "अकरा वर्षांत तोंड उघडलंय का त्यांनी?"

हर्षे बाईंनी निधीला हजेरीत धरलं आणि गणसंख्या पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. शेडबाळेंनी खिशातून कमानीचं चित्र काढलं. कमान म्हणजे शाळेचं नाक असतं, असं ते म्हणत होते, तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"मला एक ठराव मांडायचाय," निधी म्हणाला.

कुणाच्या तरी हातातला वेफर कुडकन मोडला.

"माझा खर्च मुलींच्या स्वच्छतागृहावर करावा. नवी दारं, फरशी, पाण्याची टाकी. आणि कड्या. माझ्यातलं काही मागे ठेवू नये."

शेडबाळेंनी मुजावरांकडे बघितलं. "निधीने स्वतःचाच खर्च सुचवायचा? बसतं हे घटनेत?"

"बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

"बरं. सूचक झाले. अनुमोदक कोण?"

सगळे खाली बघायला लागले. निम्म्या लोकांच्या घरात लग्नाच्या मुली होत्या आणि त्यांची कपाटं शेडबाळेंच्या दुकानातून यायची होती. मुजावरांचा हात वर जायला लागला तर शेडबाळे म्हणाले, "तुमची फरशी, तुमचंच अनुमोदन? लोक काय म्हणतील?" मुजावरांनी हात खाली घेतला.

मग शेडबाळे खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आले आणि अगदी घरच्यासारखे वाकून म्हणाले, "घोरपडे वहिनी, तुम्ही तरी समजून घ्या. कमानही राहू द्या, हेही राहू द्या. दोन्ही विषय पुढच्या वर्षावर टाकू. खजिनदार पुन्हा तुम्हीच. यांना राहू द्या तुमच्याकडे. ऐकलंय मी, घरच्यासारखे झालेत म्हणे."

मेल्याला बरोबर ठाऊक होतं कुठे बोट ठेवायचं ते!

खोटं कशाला सांगू, मी डगमगले. खिडकीजवळचं ते स्टूल डोळ्यांपुढे आलं. रिकामं. दुपारी ओटा पुसताना मागून कुणी काही विचारणार नाही, हेही आलं. कडीचं काय, सुतार बोलावून एखादी कडी मीच बसवून देईन, असंही मनात येऊन गेलं. पण दारं खालून कुजलेली होती. कडी बसवायची कशावर?

निधी शेजारून हळूच म्हणाला, "सावकाश, वहिनी. घाई नाही."

आणि त्याच शब्दांनी माझं डोकं फिरलं. घाई कशी नाही? माझी पोर दिवसभर पाय आवळून बाकावर बसते, आणि इथे आम्ही आपले सावकाश!

"अनुमोदन," मी म्हणाले. हात वर केला तो खाली घ्यायचंही भान राहिलं नाही.

विरोधात हात वर करा म्हटल्यावर कुणी केला नाही. मुलींच्या संडासाच्या विरोधात चारचौघांत हात कोण वर करणार? शेडबाळेंनीही चित्राची घडी घातली आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. नंतर चहा झाला. रिक्षात निधीला गरगरायला लागलं, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर पदर धरून बसले होते आणि रडत होते.

एप्रिलमध्ये काम निघालं. मुजावर रोज सकाळी स्कूटरवरून त्याला शाळेत न्यायचे आणि संध्याकाळी आणून सोडायचे. फरशीचं बिल निघालं त्या दिवशी तो गुडघ्यांखाली उरला नव्हता. टाकी बसली तेव्हा पोट गेलं. "बरं वाटतंय," तो म्हणाला, "एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं." सासूबाईंनी त्याला जेवताना टेकायला लोड दिला. दारांचं बिल दिलं त्यानंतर खांदे गेले, पण हात राहिले होते. त्या हातांनी तो लसूण सोलत राहिला.

शेवटी कड्या तेवढ्या राहिल्या. त्या दिवशी सकाळी ओट्यावर सोललेल्या लसणाचा डबा भरून ठेवलेला होता, आठवडाभर सहज पुरेल इतका. मुजावरांनी त्याला अलगद उचलून स्कूटरवर पुढे ठेवलं. मी म्हटलं, "सांभाळून न्या." सावनी फाटकापर्यंत धावत गेली. संध्याकाळी मुजावर एकटेच आले आणि रेक्झिनची बॅग तेवढी आमच्याकडे राहिली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सावनीची बाटली रिकामी आली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, मोठी बाटली दे ना."

मग हर्षे बाईंचा फोन आला. "घोरपडे बाई, स्वच्छतागृहाबद्दल एक तक्रार आहे."

"गळतंय का?"

"छे, उत्तम झालंय. तीन दारं आहेत, पण मुली रांग लावतात ती मधल्याच दाराला. मधली कडी बोलते."

"काय बोलते?"

"आत गेलं, कडी लावली, की म्हणते, 'सावकाश. घाई नाही. मी आहे.'"

"मग यात तक्रार काय, बाई?"

"कडीबद्दल नाही हो. बाकीची दोन दारं रिकामी राहतात, ही तक्रार आहे. तुमच्या ओळखीचे आहेत, जरा बोलून बघा."

मधल्या सुट्टीत मी गेले. मुलींची ही एवढी रांग. "खजिनदार काकू आहेत, जाऊ द्या," असं म्हणत त्यांनी मला पुढे सोडलं. मी आत जाऊन दार लोटलं आणि कडी लावली. नवी होती, पितळेची, हाताला गार लागली. बाकी दोन दारांबद्दल बोलायचं ठरवून आले होते, पण ते काही तोंडातून निघेना.

"वहिनी," कडी म्हणाली, "जेवलात का?"

"जेवले," मी म्हटलं. जेवले नव्हते.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "काकू, लवकर! मला जोरात लागलीय!"

मी कडी काढली आणि बाहेर आले.