अप्पांचा प्रगत वर्ग

माझे वडील गेले त्या दिवशी अंबादासअप्पा भेटायला आले. माझ्याशेजारी बसले, उपरण्यानं डोळे पुसले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घरी गेले का दवाखान्यात?"

"दवाखान्यात. बीडला."

"मग नोंद बीडलाच पडती. इथं गेवराईत हुडकत बसू नका."

घर माणसांनी भरलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर त्या दिवशी तो मान वडिलांचा होता.

अप्पा आमचे शेजारी, भिंतीला भिंत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. निजामाच्या काळातले उर्दू कागद त्यांना वाचता येतात, आणि ते येतात हे ते कुणाला विसरू देत नाहीत. माणूस भेटला की ते तब्येत विचारत नाहीत, पणजा विचारतात. एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या माणसाला तलवाडा येईपर्यंत चार पिढ्या मागं नेऊन सोडतात. वर ठरलेलं वाक्य: "मानूस बडबडतो, कागद बोलतो."

दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि आमच्या दूध संस्थेची खोली ओस पडली. त्याच सुमाराला साखर कारखान्यानं मयत सभासदांच्या वारसांचे पुरावे मागितले. अप्पांना हेच हवं होतं. खोलीच्या दारावर फलक लागला: ‘शासकीय अभिलेखांवरून वंशशोध : प्रगत प्रशिक्षण वर्ग’.

"प्राथमिक वर्ग कधी झाला?" मी विचारलं.

"प्राथमिक आईबापानं घ्यायचा असतो."

मी गंमत बघायला नाव घातलं. दुधाचे रिकामे कॅन पालथे घालून आम्ही त्यावर बसलो.

पहिल्याच दिवशी संस्थेचे चेअरमन आपली वंशावळ घेऊन आले. शहरातून करून आणलेली, सोनेरी चौकटीतली. सर्वांत वर मोठ्या अक्षरात ‘श्रीमंत सरदार लावलदराव’. चेअरमन म्हणाले, "आम्ही त्यांचे थेट वंशज."

अप्पांनी चष्मा पुसला. चेअरमननी पुढं केलेला मूळ उर्दू कागद दोनदा वाचला.

"साहेब, लावलद हे नाव न्हाई. नावापुढचा शेरा हाय. म्हंजी बिनऔलाद मेला."

"कोन?"

"ज्येंचे तुमी थेट वंशज."

कॅन गडगडेपर्यंत लोक हसले. चेअरमन चौकट काखेत मारून भिंतीकडं सरकले. गेले मात्र नाहीत.

अप्पांना चेव आला. "बापाकडची नावं कोनीबी सांगंल. प्रगत म्हंजी काय? आजीचं माहेरचं नाव सांगा. लग्नात बदललं त्याच्या आधीचं."

एकेक मान खाली गेली. माझीही गेली. माझ्या आजीला सगळे अक्का म्हणत. त्याखाली आणखी एखादं नाव असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"लाज वाटू द्या जरा," अप्पा म्हणाले. "बाईचं नाव कागदावर येतं ते नवरा मेल्यावर. तवर ती कुनाचं तरी कुटुंब."

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, चहाची किटली घेऊन आल्या. भिंतीकडून चेअरमन अगदी गोड आवाजात म्हणाले, "अप्पा, आपल्या काकूंचं माहेरचं नाव काय हो?"

"रुक्मिणी."

कप मांडता मांडता काकू म्हणाल्या, "ते तर तुमी ठिवलेलं."

"मग आधीचं?" चेअरमन.

अप्पांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी पदर खोचला. "हुडका की. कागद बोलतो म्हंता न्हवं?" आणि किटली ठेवून निघून गेल्या.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दारावरचा फलक गेला होता. का उतरवला म्हणून विचारलं, तर अप्पा म्हणाले, "प्रशिक्षक नापास झाला."

काकूंचं माहेर पाली. अप्पा तिकडं खेपा घालू लागले. जन्माची नोंद सापडली नाही. शाळेत तर नाव घातलेलंच नव्हतं. भाऊ राहिले नव्हते, आणि भावजयांना ती लग्नानंतरची रुक्मिणीच ठाऊक. काकूंनी आपल्या वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावांसाठी सोडला होता, शेवटी तो कागद मिळाला. त्यावरही ‘रुक्मिणीबाई’.

"अक्षर वळखीचं वाटलं," ओट्यावर बसून अप्पा मला सांगत होते. "मीच लिवलेलं. तिनं नुसता अंगठा लावलाय. तवाबी इचारलं न्हाई मी."

"मग आता विचारा काकूंना."

"लाज वाटायली." अप्पा खाली बघून उपरण्याचं टोक पिळत राहिले. "इतकी वर्सं गेली. आता कोन्या तोंडानं इचारू?"

पुढं त्या दोघांचं काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. एका दुपारी गल्लीत टँकर आला आणि भिंतीपलीकडून अप्पांची हाक ऐकू आली. एरवी ते ‘ऐकलं का’ म्हणत. त्या दिवशी त्यांनी एक नाव घेतलं. अडखळत, नवशिक्यानं वाचावं तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते आपल्यासाठी नव्हतं.

आतून ओ आली नाही. अप्पांनी तेच नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं.

"कुनाला हाका मारायलेत?" काकूंनी विचारलं.



"तुला," अप्पा म्हणाले. "तुलाच की गं."