गाव सांगू नये

गाडेकर साहेबांच्या टेबलावर एक पाटी होती. इतरांच्या टेबलांवर नाव असतं, हुद्दा असतो. साहेबांनी मात्र स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अर्जदाराने गाव सांगू नये. लिपिकाचे गाव विचारू नये.'

नवखा माणूस पाटी वाचून बुचकळ्यात पडायचा. नळजोडणीच्या अर्जात पत्ता तर लिहावाच लागतो. पण साहेबांचा रोख शहरातल्या पत्त्यावर नव्हता, मूळ गावावर होता. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" दुसरा, "तिथले पाहुणे कोण?" पाहुणे म्हणजे नातेवाईक. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी चुलत्याला दिलेली निघते. मग खुर्ची पुढं ओढली जाते, चहा सांगितला जातो आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळातून वर येतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाहुण्याचं काम करायचं नाही तर मग कुणाचं करायचं?

अंबादास गाडेकर आमच्या वॉर्ड कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. कर्मचाऱ्यानं नातेवाइकाचा संबंध असलेलं प्रकरण हाताळू नये, हा नियम नोकरीत लागताना आम्ही सगळेच वाचतो, खाली सही करतो आणि विसरतो. साहेब विसरले नाहीत. उलट त्यांनी वरती लेखी विचारलं, 'नातेवाईक म्हणजे किती लांबपर्यंत?' उत्तर आलं नाही. तेव्हा साहेबांनी सोयीचा अर्थ न काढता गैरसोयीचा काढला. सापडेल तिथपर्यंत सगळे नातेवाईक.

त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती. गावांची नावं अकारविल्हे, प्रत्येक गावापुढं तिथं दिलेल्या मुली, तिथून आणलेल्या सुना, त्यांचे दीर, त्यांचे साडू. रविवारी दुपारी वहिनींना समोर बसवून ते वही पुरी करायचे. वहिनींना सगळ्या तालुक्याची सोयरीक तोंडपाठ. अर्जदाराच्या आडनावावरून शंका आली की साहेब वही उघडायचे, आणि नातं निघालं की फाईलवर लिहायचे, 'सदर अर्जदार हे अधोस्वाक्षरीकर्त्याच्या मामेभावाच्या साडूचे सख्खे मेहुणे असल्याने प्रकरण अन्य टेबलाकडे वर्ग व्हावे, ही विनंती.' खाली पेन्सिलीनं वंशवृक्ष.

आमच्या वॉर्ड अधिकारी मॅडम विदर्भातल्या. त्या म्हणायच्या, "गाडेकर, हे झाड मला समजत नाही. पण सही करते."

मी दौलताबादकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळं आला. परीक्षा देऊन लिपिक झालो तेव्हा आईनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पहिल्या दिवशी मी साहेबांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाया पडू नका. त्यानं बी संबंध तयार होतो."

मी घाबरून म्हणालो, "नाही साहेब, आमच्या गावाकडं मोठ्यांना..." आणि बोलता बोलता गावाचं नाव सांगून बसलो.

साहेबांनी डोळे मिटले. "कशाला सांगितलं?"

वही उघडली. पान सापडलं. माझी आत्या ज्या घरात दिली आहे, त्या घराच्या शेजारची भावकी साहेबांच्या मावशीची होती. तासाभरात मॅडमच्या टेबलावर पत्र गेलं, 'नवीन लिपिकाच्या कामाबद्दल माझं मत अंतिम मानू नये, कारण असं असं नातं आहे.' नोकरी लागली त्याच दिवशी गेली, असं मला वाटलं. मॅडमनी पत्र वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "काही होत नाही. माझ्यावरही एकदा लिहिलं होतं. त्यांच्या भाच्याला मी आडनावावरून ओळखते असा संशय होता."

पण काम शिकवावं ते साहेबांनीच. अर्ज कसा वाचायचा, शिक्का कुठं मारायचा, तारखेनुसार गठ्ठा कसा लावायचा. ते म्हणायचे, "गठ्ठा म्हणजे रांग असती. उभ्या माणसांची तोंडं दिसत नाय म्हणून ती रांग नाय असं नसतं."

मला ते पटायचं. माझ्या कॉलेजच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील किती चकरा मारत होते ते मी सायकलच्या मागं बसून पाहिलं होतं. त्या ऑफिसात आमचा पाहुणा कुणीच नव्हता. आमच्या नंतर आलेले लोक आत जाऊन चहा पिऊन दाखला घेऊन निघायचे. वडील मला म्हणायचे, "त्यांची वळख आसंल." तक्रारीच्या सुरात नाही. ऊन आहे, सावलीत बस, इतक्या साध्या सुरात.

साहेबांच्या टेबलाचा परिणाम उलटाच झाला होता. बाकी सगळीकडे लोक नातं काढत बसायचे, इथं लपवायचे. कारण नातं निघालं की फाईल दुसऱ्या टेबलावर, आणि तिथल्या गठ्ठ्यात पुन्हा शेवटी. औरंगपुऱ्यात नळकाम करणारे एक वयस्कर चाचा आपल्या गिऱ्हाइकांना दारातच बजावायचे, "देखो मियाँ, इनके पास रिश्ता नक्को निकालो. रिश्ता निकला तो फाइल गई!"

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात अर्ज. साहेबांनी मान वर केली आणि पाहतच राहिले.

"आबा, तुम्ही?"

"कोण आबा? म्या तर तुमाला वळखत बी नाय."

"अहो, माझ्या चुलत्याचे मेहुणे तुम्ही. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रंला नेलंय."

"ते दुसरं कुणी आसंल. म्या लातूरकडचा हाय."

"आबा, रेवड्या घेऊन दिल्या होत्या."

"म्या कुणालाच कधी रेवडी दिली नाय," म्हातारबाबा ठामपणे म्हणाले, "तुमी अर्ज घ्या."

साहेबांनी अर्ज घेतला, वही उघडली आणि झाड काढलं. म्हातारबाबांनी टोपी काढून मांडीवर आपटली. "आरं अंब्या, तवाच खांद्यावरून खाली टाकायला पाह्यजे होतं तुला!" आख्खं ऑफिस हसलं. साहेबही हसले, पण झाड खोडलं नाही.

लग्नांचीही तीच तऱ्हा. यजमानाचा अर्ज वर्षभरात आमच्याकडं आलेला असेल तर साहेब मांडवात जायचे नाहीत. पण लग्नाला जायचे. मांडवाच्या बाहेर उभं राहून अक्षता टाकायचे, जेवण न करता परत. मी विचारलं तर म्हणाले, "अक्षता आतच पडत्यात ना?" हळूहळू पत्रिका कमी झाल्या. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "यांच्यामुळं मला आता हळदीकुंकवाला बी बोलवायच्या आधी लोक इचार करतात."

हे असं का, हे मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "नवीन होतो तवा एका पाहुण्याचं काम आधी केलं. ज्या बाईचं मागं पडलं ती माझ्यासमोर तीन चकरा मारून गेली. काहीच बोलली नाय." मग त्यांनी पुढचा अर्ज ओढला.

आणि मग त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कमलताईंचा अर्ज आला.

कमलताईंचे यजमान शेंद्र्याला कारखान्यात पाळीवर. दोघांनी पै-पै जोडून दोन खोल्या बांधल्या होत्या, मी भाड्यानं राहतो त्याच वसाहतीत, मागच्या गल्लीत. घर झालं, नळ नव्हता. पाण्याचा दिवस आला की कमलताई शेजारच्या नळावरून हंडे वाहायच्या. त्यांचा एक गुडघा धरलेला. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळं आलं त्या दिवशी भरलं तर भरलं.

साहेबांनी अर्ज पाहिला. या वेळी वही उघडायची गरज नव्हती. त्यांनी लिहिलं, 'अर्जदार ही सख्खी बहीण.' मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, या नवीन मुलाच्या टेबलावर द्या." साहेब म्हणाले, "मॅडम, हा माझ्या हाताखाली शिकलेला. माझं तोंड पाहून सही करंल." ते खरंही होतं. मी केलीच असती. शेवटी अर्ज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयाकडं पाठवला. तिथं तो त्यांच्या रांगेत शेवटचा झाला.

दोन महिन्यांनी कमलताई ऑफिसात आल्या. त्या टेबलासमोर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"दादा, सगळ्यांचे भाऊ बहिणीचं काम आधी करून देत्यात. तू आधी कर, असं मी म्हणतच नाय. पण इथं होणारं काम तिकडं कशाला धाडलं?"

"कमल, मी अडवलं नाय. मी फक्त हात लावला नाय."

"व्हय? मग आता माझ्या दाराला बी हात लावू नको."

त्या निघून गेल्या. साहेबांनी चष्मा पुसला. पुसलेलाच परत पुसला. त्या दिवशी त्यांनी तीन अर्जांवर चुकीची तारीख टाकली, ती मी गुपचूप दाखवून दुरुस्त करून घेतली.

त्यानंतरच्या एका पाण्याच्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर मागच्या गल्लीत साहेबांची स्कूटर. पुढं पायाशी एक कॅन, मागं दोरीनं बांधलेला दुसरा. कमलताईंच्या दाराला त्यांनी खरोखरच हात लावला नाही. कॅन पायरीवर ठेवले, दोनदा हॉर्न वाजवला आणि कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. दार उघडलं. कमलताईंनी इकडंतिकडं न पाहता कॅन आत नेले. थोड्या वेळानं रिकामे, विसळलेले कॅन पायरीवर पालथे ठेवले आणि दार लावून घेतलं. साहेब आले, कॅन उचलले, दुसऱ्या खेपेला गेले. चार खेपा मी मोजल्या.

ऑफिसात मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "माझ्या नळाचं पाणी हाय. जोडणीच्या अटी वाचल्या मी. पाणी विकायला बंदी हाय, बहिणीला द्यायला नाय. आणि मी घरी तेवढं कमी वापरतो."

"साहेब, मी नेऊन देत जाऊ का? मी तिथंच राहतो."

"नको," ते पटकन म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास."

हिवाळा गेला, उन्हाळा तापला. पाण्याचा दिवस आला की साहेब त्या कोपऱ्यावर असायचेच. एकदा कॅनच्या जोडीला एक पिशवी होती, गुडघ्याला लावायच्या तेलाची. ती पिशवी कॅनबरोबर आत गेली आणि परत आली नाही. बोलणं मात्र एका शब्दाचंही नाही.

जूनमध्ये कमलताईंचा नळ मंजूर झाला, रांगेत नंबर आला म्हणून, कुणाच्या ओळखीनं नाही. मला त्या कार्यालयातल्या एका मित्राकडून कळलं. मी धावतच साहेबांकडं गेलो. "साहेब, ताईंचा नळ झाला! आठवड्यात जोडतात!"

मला वाटलं, ते पेढे मागवतील. ते नुसते म्हणाले, "चांगलं झालं." आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ते वेळेच्या आधीच ऑफिसात येऊन बसले होते. मला म्हणाले, "तुमच्याकडं आज पाणी होतं?"

"होतं साहेब."

"धार चांगली होती? मागच्या गल्लीला उतार नाय, तिकडं बी पोचतं का?"

"पोचतं साहेब. ताई अंगणात नळी लावून सडा मारत होत्या."

"मग बरंय."

असे तीन पाण्याचे दिवस गेले. दर वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरं. चौथ्याला कमलताईंनी मला गल्लीत अडवलं. आतापर्यंत त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"तुमी त्या हापिसातले ना? तुमच्या साहेबाला सांगा, तोटी गळती म्हणावं."

मी उत्साहानं आत जाऊन पाहिलं. पाणी येऊन गेलेलं, तोटी घट्ट बसलेली, खाली फरशी कोरडी. मी म्हणालो, "ताई, नाही गळत."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पायरी उतरलो. "तुमाला काय कळतं त्यातलं? नवीन हायत तुमी. त्याला सांगा."

मी निरोप दिला. साहेबांनी दोनदा विचारलं, "कमल म्हणाली? स्वतः?" मग अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला, कारणाच्या रकान्यात 'बहिणीच्या घरी नळदुरुस्ती' असं स्पष्ट लिहिलं, मॅडमची सही घेतली आणि खालच्या मजल्यावरून पाना मागून आणला. जाताना त्यांनी टेबल आवरायचं राहून गेलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा शर्टाच्या बाहीवर हळदीचा डाग होता, पिठल्याचा असावा. मी फाईल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो.

"साहेब, सापडली का गळती?"

त्यांनी खाली पाहूनच शिक्का मारला.

"हाय थोडी. वायसर ढिला वाटतो. पुढच्या पाण्याला परत जाऊन पाहावं लागंल."