दाखला विभागाची पदन्यास योजना

माणूस जन्माला येतो तो हातपाय हलवत, आणि नोकरीत कायम झाला की ते हलवणं हळूहळू बंद करतो. ही निसर्गाचीच रचना आहे. तिच्यात ढवळाढवळ केली की काय होतं, हे दाखला विभागाच्या उदाहरणावरून सर्वांनी समजून घेण्यासारखं आहे.

दाखला विभाग दुसऱ्या मजल्यावर, जिन्यावरून उजवीकडे, पाणी न येणाऱ्या नळाच्या समोर आहे. माणूस जिथे राहतो तिथेच राहतो, असा दाखला इथे मिळतो. (मिळतो म्हणजे मिळण्याची तरतूद आहे.) विभागात एकवीस कर्मचारी, बावीस टेबलं आणि एकच बोळ. बोळ मुळात साडेसहा फूट रुंद होता. पुढे दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं लागत गेली आणि आता त्यातून एक माणूस सरळ, किंवा दोन माणसं श्वास रोखून जाऊ शकतात.

समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात. मग एकाच वेळी दुसऱ्या बाजूला सरकतात. मग दोघंही हसतात, दोघंही थांबतात, दोघंही ‘तुम्ही या’ म्हणतात आणि पुन्हा एकाच वेळी निघतात. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीला असं आढळलं की, बोळात रोज सरासरी त्रेसष्ट गाठीभेटी होतात आणि प्रत्येक भेटीत साडेचार वेळा डावं-उजवं होतं. (अर्धी वेळ म्हणजे एकाने नाद सोडून माघारी फिरणं.) यात महिन्याला सदतीस तास वाया जातात. एरवी हे तास इतरत्र वाया घालवता आले असते, याबद्दल समितीने खेद व्यक्त केला.

समितीने तीन उपाय सुचवले. पहिला, कपाटं हलवणं. तो बारगळला, कारण कपाटं हलवण्याचा जुना प्रस्ताव त्याच कपाटांपैकी एकात होता आणि त्या कपाटाची किल्ली प्रस्तावाच्या पाकिटात होती. दुसरा, कर्मचारी कमी करणं. तो वाचून दाखवला तेव्हा समितीतल्या तीन सदस्यांना एकदम खोकला आला. तिसरा, कर्मचाऱ्यांच्या हालचाली तालात बसवणं. यात कुणाचंच काही जात नव्हतं, म्हणून तो एकमताने मंजूर झाला.

मंजुरीची बातमी ऐकून खांबरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

खांबराव हे आवक-जावक कारकून. आलेलं पत्र वहीत चढवायचं आणि गेलेलं उतरवायचं, एवढंच त्यांचं काम, आणि मधल्या काळात पत्राचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नसे. ‘हा माणूस म्हणजे विभागाचा खांब आहे’ असं एका जुन्या साहेबांनी निरोप समारंभात म्हटलं होतं, तेव्हापासून हे नाव पडलं. समारंभ दुसऱ्याच कुणाचा तरी होता, पण साहेब भाषणाच्या ओघात होते. नाव मात्र शोभलं. खांबराव बसले की बसले. चहासुद्धा त्यांच्याकडे चालत यायचा.

त्यांचं सगळं सुख एका खुर्चीत होतं. खिडकीशेजारी, पंख्याखाली, साहेबांच्या दारातून न दिसणारी अशी ती जागा. तिच्यापर्यंत पोचायला त्यांना एकोणीस वर्षं लागली होती. एकेक जण निवृत्त होई आणि खांबराव एकेक टेबल पुढे सरकत. आयुष्यात त्यांनी केलेली तेवढीच काय ती वाटचाल. आता परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं: ‘पदन्यास चाचणीत अनुत्तीर्ण होणाऱ्या कर्मचाऱ्यांस तळघरातील जुन्या कागदपत्रांच्या खोलीत वर्ग करण्यात येईल.’ तळघरात खिडकी नव्हती, आणि चहा तिथे पोचेपर्यंत त्यावर साय नाही तर मुंगी यायची. शिवाय साहेबांचा मेहुणा परवाच येऊन खुर्चीच्या बैठकीची टेपाने लांबी-रुंदी घेऊन गेला होता. उशी शिवायला टाकायची म्हणे.

शिकवायला एक बाई नेमल्या. त्यांच्या स्वतःच्या नृत्याच्या क्लासात सहा वर्षांखालची मुलं होती, तेव्हा मोठी माणसं त्या मानाने सोपी जातील असं त्यांना वाटलं होतं. पहिल्या आठवड्यानंतर त्या सारख्या आपल्या क्लासातल्या मुलांची आठवण काढू लागल्या.

हालचालींची छापील यादी प्रत्येक टेबलावर आली. खुर्चीवरून उठणे: एक, गुडघ्यावर हात, दोन, निःश्वास, तीन, प्रत्यक्ष उठणे. अर्जदारास नकार देणे: मान डावीकडून उजवीकडे, संथ, नजर कागदावर. वरिष्ठ येताना दिसणे: चार मात्रांत पेन शोधणे. चहा येणे: सामूहिक मान वळवणे. (ही हालचाल सर्वांना पहिल्याच दिवशी बिनचूक आणि एका तालात जमली. बाईंनी डोळे पुसले.) सगळ्यांत अवघड होती ती ‘बोळपार’. दोघांनी हातात फायली घेऊन समोरासमोर यायचं, अंग तिरकं करायचं, एकमेकांना वळसा घालायचा आणि धक्का न लागता पलीकडे जायचं. चाचणी हिचीच होती.

खांबरावांची जोडी तात्या शिपायाशी लागली. पहिल्या दिवशी दोघं बोळाच्या मध्यावर जे अडकले ते जेवणाच्या सुट्टीतच सुटले.

“डावं पाऊल, काका, डावं!” बाई ओरडल्या.

“कुणाचं डावं? माझं की तुमच्याकडून दिसतं ते?” खांबरावांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बाई विचारात पडल्या आणि त्या दिवशीची तालीम तिथेच संपली.

घरी बायकोसमोर विषय काढायची त्यांना लाज वाटत होती. पण सरावाला बोळ हवा होता आणि घरात बोळाएवढी अरुंद जागा एकच, ती म्हणजे स्वयंपाकघर. सकाळी सातला ते हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन ओट्यापाशी उभे राहिले.

“अहो, काय हवंय?”

“काही नाही. तू तुझं चालू दे. मी फक्त तुला वळसा घालून पलीकडे जातो.”

बायको एका हाताने दूध उतरवत होती, दुसऱ्याने नळ बंद करत होती आणि कोपराने फडताळाचं दार लोटत होती. शेगडी ते नळ, नळ ते खिडकी, खिडकी ते शेगडी, अशी तिची पावलं पडत होती आणि एकही भांडं वाजत नव्हतं. बत्तीस वर्षांत खांबरावांनी हे प्रथमच पाहिलं. (ते पलीकडच्या खोलीत असत आणि त्यांच्याकडे चहा चालत येत असे.) त्यांना एकदम भरून आलं. त्या भरात ते वळसा घालायला गेले आणि दुधाचं पातेलं उलटलं.

“तुम्हाला ताल कशाला शिकवतायत?” ती फडकं घेऊन खाली बसत म्हणाली. “मधे येऊ नका म्हणावं, तेवढं पुरे आहे. जा, बाहेर जाऊन बसा.”

हा सल्ला त्यांना बाईंच्या तीन आठवड्यांच्या शिकवणीपेक्षा पटला, पण परिपत्रकात तशी सोय नव्हती.

चाचणीच्या दिवशी साहेब, बाई आणि साहेबांचा मेहुणा (निरीक्षक म्हणून) बोळाच्या टोकाला खुर्च्या टाकून बसले. मेहुण्याच्या मांडीवर नवी उशी होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी तात्याचा निरोप आला. सरावात कंबर धरली होती, उठता येत नव्हतं. नियम सातप्रमाणे जोडीदार गैरहजर राहिल्यास हजर असलेला नापास. गैरहजर असलेल्याला मात्र आजारपणाची रजा. खांबरावांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

बरोबर अकरा वीसला शिवणवाल्या मावशी आल्या.

मावशी गेली तीन वर्षं येत होत्या. चाळीस वर्षं एकाच घरात शिलाई मशीन चालवणाऱ्या या बाईला त्या घरात राहत असल्याचा दाखला हवा होता. त्यासाठी तपासनीस तीनदा घरी जाऊन आला. तिन्ही वेळा कुलूप. कारण तपासायला कुणी का येत नाही, हे विचारायला मावशी त्या वेळी विभागात आलेल्या असत. त्यामुळे ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळून येत नाही’ असा शेरा पडला. शेऱ्यावर हरकत घ्यायला त्या विभागात आल्या, त्या दिवशी तपासनीस चौथ्यांदा गेला होता.

“भाऊसाहेब, माझ्या कागदाचं काही?”

“होईल मावशी, होईल. आधी जरा इकडून या,” खांबराव घाईने म्हणाले आणि स्वतः फाईल घेऊन बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले.

मावशी निघाल्या. पहिल्या कपाटाचं दार नेहमी उघडं लटकतं, तिथे त्यांनी न बघता मान खाली घातली. दुसऱ्याचा खण बाहेर आलेला असतो, तिथे पिशवी डोक्यावर नेली. तिसऱ्याशी फरशी उचकटली आहे, ती त्यांनी नुसत्या चवड्याने ओलांडली. खांबराव समोर आले तशा त्या तिरक्या झाल्या, दोन बोटांनी त्यांचं कोपर धरलं आणि मशीनच्या पेटीत बॉबिन बसवावी तसं त्यांना अलगद पलीकडे बसवून दिलं. खांबरावांनी काहीच केलं नव्हतं. ते मधे आले नव्हते, एवढंच. पलीकडे पोचल्यावर मावशी वळल्या, किंचित झुकल्या आणि म्हणाल्या, “बराय, आभारी आहे हं.”

बाई उभ्या राहिल्या. “या कुठे शिकल्या?” त्यांनी विचारलं. “मला असा विद्यार्थी आयुष्यात मिळाला नाही.” त्यांनी दहापैकी दहा दिले आणि शेवटच्या झुकण्याचे दोन जादा.

“हरकत आहे,” मेहुणा म्हणाला. “बाहेरची व्यक्ती चालत नाही. जोडीदार कार्यालयातलाच हवा. नियम नऊ.”

साहेबांनी नियम नऊ काढला. तो होता. मेहुणा उशी घेऊन उठला.

एकोणीस वर्षांत ज्या डोक्याला कुणी त्रास दिला नव्हता, ते खांबरावांचं डोकं त्या क्षणी धावलं. त्यांनी अभ्यागतांची वही काढली आणि कर्मचाऱ्यांची हजेरीची वही काढली. मावशींची तीन वर्षांतली हजेरी निघाली सहाशे अकरा दिवस. खांबरावांची स्वतःची पाचशे अठ्ठ्याऐंशी. साहेबांची किती, हे पाहायला वही पुढे सरकली तसं साहेबांनी हात उंचावून पुरावा पुरेसा असल्याचं सांगितलं.

“म्हणजे या मावशी राहतात कुठे?” खांबराव म्हणाले. “इथेच. तपासनीसाचाही तोच अहवाल आहे. चार वेळा बघून आलाय, घरी नसतात.”

यात कुणालाच खोट काढता येईना. चहाही येण्याच्या बेतात होता. खांबरावांनी तीन वर्षं ट्रेमध्ये झोपलेला अर्ज उचलला, कोरा दाखला काढला, सुवाच्य अक्षरात भरला, साहेबांनी सही केली, शिक्का बसला, जावक क्रमांक पडला. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. (विभागाच्या इतिहासात याला तोड नाही. पुढे याची चौकशीही झाली.)

मावशींनी दाखला दोन्ही हातांत धरला. मग चष्मा लावून त्यांनी तो वाचला. ‘सदर अर्जदार या मागील तीन वर्षांपासून दाखला विभाग, दुसरा मजला, बोळ, येथे वास्तव्यास असल्याचे प्रमाणित करण्यात येते.’

“भाऊसाहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “हे माझं घर नाही हो.”

खांबरावांना लाज वाटली. अगदी खरी, कानापर्यंत पोचलेली लाज. एक दाखला फाडायचा, दुसरा लिहायचा, एवढंच होतं. त्यांनी खिडकीशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. दाखला फाडला की मावशी पुन्हा बाहेरच्या व्यक्ती, चाचणी रद्द, आणि उशी तर शिवून तयारच होती. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे हलवली, संथ, नजर कागदावर. बाईंच्या तोंडून नकळत ‘वा’ निघालं.

“पत्त्यात दुरुस्ती ना, मावशी? खिडकी चार. अर्ज करा, तपासनीस घरी येऊन बघून जाईल. तुम्ही मात्र इथे येऊन चौकशी करत राहा, नाहीतर मागे पडतं.”

योजना यशस्वी झाल्याचं त्याच संध्याकाळी जाहीर झालं. अहवालात एकच शिफारस होती. कर्मचाऱ्यांच्या तालमी बंद कराव्यात, त्यांना जमणार नाही. यापुढे सर्व हालचाली अर्जदारांनी कराव्यात, कारण त्यांना शिकवावं लागत नाही.

आता, खांबरावांना हसत इथवर आलेल्या वाचकांनी जरा आपलं मागचं एखादं काम आठवून पाहावं. खालून वर पाठवलं तेव्हा आपण वर गेलो. झेरॉक्स आणा म्हटल्यावर पळत जाऊन दोन आणल्या, एक लागली नाही तरी असू दे म्हणून. समोरचा जेवायला उठला तेव्हा भिंतीला टेकून त्याला वाट करून दिली. सोमवारी या म्हटलं, सोमवारी गेलो. सगळी पावलं जागच्या जागी, एकही मात्रा चुकली नाही. आणि काम न होताच निघताना, दारातून वळून, किंचित झुकून, ‘बराय साहेब, थँक्यू’ असं कोण म्हणालं होतं?