लेलेकाका निघताना

आमचे शेजारी लेलेकाका कुठूनही निघताना "आय ॲम कमिंग!" म्हणतात. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. काकांनी तेवढंच इंग्रजीत नेलंय. पण ऑकलंडच्या आमच्या न्यू लिन उपनगरातल्या लोकांना हे कोण सांगणार? कोपऱ्यावरच्या डेअरीतला माणूस त्यांचं दूध बाजूला काढून वाट बघत बसतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर एकदा पुढच्या पेशंटला थांबवून खुर्ची रिकामी ठेवली होती. काका तोवर घरी पोचून मऊ भात खात होते.

"अहो काका, सरळ 'बाय' म्हणा ना," मी एकदा सुचवलं.

"तू म्हण. आम्ही अभद्र बोलत नाही."

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे विमानात बसायचं नाही. "फार लवकर पोचतं रे ते. मनाची तयारी व्हायला नको?" त्यांचा मुलगा अनिश दक्षिण बेटावर, ब्लेनमजवळच्या द्राक्षमळ्यात काम करतो. त्याच्याकडे जायचं म्हणजे ऑकलंडहून रात्रभर बसने वेलिंग्टन, तिथून फेरीबोट, मग पुन्हा बस. मला क्राइस्टचर्चला जायचं होतं. काकूंचे गुडघे असला प्रवास करू देत नाहीत, म्हणून त्यांनी मला गळ घातली. "तीच बस पुढे क्राइस्टचर्चला जाते. यांना ब्लेनमपर्यंत सोबत कर ना रे." काकूंच्या हातची पुरणपोळी मी बऱ्याचदा खाल्लेली आहे. नाही कसं म्हणणार?

बस सुटली आणि माझी परीक्षा सुरू झाली. दिवे मालवून लोक डोळे मिटतात न मिटतात तोच काकांनी थालीपीठ आणि लसणाची चटणी काढली. दिवे परत लागले. वाटेत बस थांबली तेव्हा ते "आय ॲम कमिंग!" म्हणून पाय मोकळे करायला उतरले. तेवढ्या एका वेळी ते खरं होतं.

सकाळी फेरीवर चहा घेऊन काउंटरवरच्या मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं आणि सरळ डेकवर निघून गेले. ती बिचारी पुढची ऑर्डरच घेईना. रांग कुरकुरायला लागली. मागच्या माणसाने मला विचारलं, "युअर डॅड?" मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते सांगायला नको.

डेकवर जाऊन मी तोंड सोडलं. "काका, लाज वाटते हो मला तुमच्याबरोबर!"

ते हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप कठड्याशी धरला. "मलाही वाटते," ते म्हणाले. "अनिश इंजिनिअरिंग सोडून मळ्यात निघाला, तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोललो. दारातून तो म्हणाला, 'जातो.' आता इथे वाढलेल्या पोराचं मराठी ते केवढं? आणि मी काय ओरडावं? 'जातो नाही, येतो म्हणावं!' तर म्हणाला, 'बट आयम नॉट कमिंग, बाबा.'"

मी त्यांच्याशेजारी कठड्याला टेकलो.

"त्याला थांब म्हणायचं, तर मी व्याकरण सुधारत बसलो रे! तेव्हापासून माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. आज येतोय म्हणून मेसेज टाकलाय. उत्तर आलेलं नाही."

ब्लेनम आलं. इथे बसमधून उतरताना सगळे 'थँक यू, ड्रायव्हर' म्हणतात. काका म्हणाले, "थँक यू, ड्रायव्हर! आय ॲम कमिंग!"

स्टॉपवर कुणीही नव्हतं. काका बॅग खाली ठेवून, अनिशसाठी आणलेला डबा छातीशी धरून उभे राहिले. ड्रायव्हर दार उघडं ठेवून थांबला. लोक घड्याळं बघू लागले, कुणीतरी सुस्कारा टाकला. उठून ड्रायव्हरला दोन वाक्यं सांगायचं काम होतं. एवढं सगळं ऐकूनही मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसून राहिलो.

तेवढ्यात चिखलाने माखलेला एक यूट, म्हणजे इकडचा छोटा उघडा ट्रक, येऊन थांबला. गमबूट घातलेला एक दाढीवाला तरुण उतरला आणि काकांपासून जरा अंतरावरच उभा राहिला. अनिशच तो, नाक थेट काकांचं.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "इज ही कमिंग, मेट?"

"नाह. ही'ज गोइंग," अनिश म्हणाला. मग चाचरला. "बट यू डोन्ट से गोइंग. यू से कमिंग. सो दॅट…"

तो अडला. जगाची वाक्यं दुरुस्त करणारे लेलेकाका या वेळी तोंड मिटून उभे होते.

"…सो दॅट यू कम बॅक," अनिशनेच पुरं केलं.

"स्वीट ॲज," ड्रायव्हर म्हणाला, म्हणजे इकडचं 'झकास', आणि त्याने दार लावलं.

मी ताडकन उठलो, काचेवर हात आपटला आणि भरल्या बसमध्ये ओरडलो, "येतो, काका!" सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

काकांना ते ऐकू गेलं नाही. अनिशने त्यांच्या हातातला डबा काढून घेतला होता, आणि रिकामे झालेले हात कुठे ठेवावेत ते काकांना कळत नव्हतं.