सोडा सोडला, पिशवी राहिली

केडगावच्या त्या खोलीच्या प्रकरणात जे काही घडले, त्याचे मूळ एका गोटी सोड्यात होते, असे माझे (उपलब्ध पुराव्यांच्या मर्यादेत) मत आहे.

प्रथम पार्श्वभूमी. मी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. केडगावजवळच्याच नागापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गेल्या वर्षी माझ्या आतड्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, आतड्याला नवे दार काढून दिले. या दाराला कडी नाही. जे यायचे ते केव्हाही येते आणि पोटाला चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. वायूही येतो, आणि तो वाजतगाजत येतो. म्हणून मला पिण्याचे नियम पाळावे लागतात : पाणी भरपूर, पण घोटाघोटाने, स्ट्रॉ नाही, फसफसणारे काहीही नाही. हे नियम मला तोंडपाठ आहेत. (पाळणे हा स्वतंत्र विषय आहे.)

अशा माणसाला संडास-बाथरूम स्वतःचे हवे. महिनाभर हिंडल्यावर तशी एकच खोली सापडली होती. मालकीण लंकाबाई यांची ख्याती मात्र अशी, की पिणाऱ्या माणसाला त्या उंबऱ्यालाही उभे करत नाहीत.

"अहो, तिथे व्याख्यान देऊ नका," पत्नी मोनिकाने रिक्षातच बजावले. "हो किंवा नाही. बस्स. ही खोली गेली तर परत अकोले गावी सासूबाईंकडे, आणि रोज एस.टी.ने नागापूर. एस.टी.त बाथरूम नसतं."

ऊन रणरणत होते. मोनिका पत्ता विचारायला दुकानात शिरली आणि समोरच्या गाडीवर घामेजलेल्या हिरव्या बाटल्या मला दिसल्या. एकच सोडा, आणि तोही घोटाघोटाने, एवढाच माझा निर्णय होता. परंतु पहिल्या घोटालाच मोनिका दुकानातून बाहेर येताना दिसली आणि उरलेली बाटली मी एका दमात संपवली. (सोबत भीतीने गिळलेली हवा वेगळी.)

लंकाबाईंनी आम्हाला बाजेवर बसवले.

"खोली लई झ्याक हाय. पानी तर चोवीस तास."

*चुक् चुक् चुक्.*

आवाज माझ्या शर्टाखालून आला होता. लंकाबाईंनी मात्र छताकडे पाहिले आणि बाजेवर टिचक्या मारल्या. "कृष्ण कृष्ण! पाल चुकचुकली. पालीम्होरं खोटं बोलू न्हाई म्हनत्यात..." त्यांनी आवाज उतरवला. "एक दिसाआड येतं पानी."

"आणि शेजार?" मोनिकाने ओठ दाबून विचारले.

"देवमानसं हायेत."

*चुक्.*

"रातच्याला भांडत्यात जरा. आता तुमचं सांगा, पाव्हनं. पिन्याची सवय हाय का?"

मोनिकाने माझ्या पायावर पाय दिला. पण प्रश्न नेमका होता आणि नेमक्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही.

"पूर्वी शिस्त नव्हती. आता घोटघोट घेतो. जेवताना कमी, नंतर अधिक. सोडा मात्र ऑपरेशननंतर सोडला."

"म्हंजी आता नुसतीच घेता?"

"नुसतेच." (लंकाबाईंच्या स्त्रीलिंगाकडे माझे दुर्लक्ष झाले. व्याकरण हा माझा विषय नव्हे.)

एव्हाना पिशवीत वायू भरून ती पुरीसारखी टम्म फुगली होती आणि शर्टाखालून स्वतःची ओळख करून देत होती. लंकाबाईंची नजर तिथे खिळली.

"आन् ते कंबरंला काय दडवलंय?"

"पिशवी," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"पिशवी!" (हातभट्टीची दारू आपल्याकडे पिशवीतून विकली जाते, हे सामाजिक वास्तव मला त्या क्षणी आठवले नाही.) "रोज लागती?"

"रोज. तिच्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही."

"अगं बया! किती?"

"एकच. पण दिवसातून चार-पाच वेळा रिकामी करतो. रात्रीसुद्धा उठावे लागते."

"पोरी, तुला ठावं हाय का ह्ये?"

"तिला कसे ठाऊक नसेल?" मी मोनिकाची बाजू सावरली. "तीच पुण्याहून मागवते. सुट्या मिळत नाहीत, खोकाच घ्यावा लागतो."

लंकाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "उठा! आत्ताच्या आत्ता उठा! शिकलेलं मानूस म्हनून बाजंवर बसवलं, आन् ह्यो तर गुत्ताच बांधून आलाय कंबरंला!"

डोळ्यांसमोरून स्वतंत्र बाथरूम दूर जाताना मला स्पष्ट दिसले. त्याच्या मागून अकोल्याची एस.टी. येत होती.

"मावशी, थांबा!" मोनिका मध्ये पडली. "दारू नाही हो. ऑपरेशनची पिशवी आहे. यांचं पोट तिकडून साफ होतं. आणि हे पितात म्हणजे पाणी पितात, पाणी!" मग ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला 'पाणी' हा शब्द येत नाही का?"

लंकाबाईंनी छताकडे बोट केले. "मंग ती पाल?"

मी उत्तर देणार इतक्यात पोटानेच दिले. *चुक् चुक्.*

लंकाबाई बाजेवर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजी पान्याचं खरं मी तुमच्या प्वाटाला भिऊन सांगितलं व्हय! ऱ्हावा बाबा. पिशवी चालंल, बाटली आनायची न्हाई."

खोली मिळाली. पाणी एक दिवसाआड येते. शेजारी रात्री भांडतात. सर्व माहिती अचूक ठरली. दूधवाला आला की लंकाबाई मला आवर्जून हाक मारतात, "पाव्हनं, जरा इथं बसा," आणि मगच त्याला विचारतात, "पानी घातलंस का रं?" समाजाला आपल्या शिक्षणाचा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा होती, तो पोटाचा झाला.

काल कामावरून परतलो, तर मोनिकाने दारातच अडवले. "नाक्यावर थांबला होतात? सोडा प्यायलात?"

मी हाताची घडी पोटावर घट्ट दाबून धरली (आवाज दाबण्याची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे) आणि पदव्युत्तर गांभीर्याने म्हणालो, "नाही."

भिंतीपलीकडून टिचक्या ऐकू आल्या.

"कृष्ण कृष्ण!"