तात्यांची फळी

“त्या शेवटच्या घरात जाऊन बसू नका हो. तितले कोणाशी बोलत नाय.”

तांदूळ पाखडता पाखडता द्वारकाबाई असं म्हणायच्या, त्याला तीस वर्षं झाली. तात्या तेव्हा रसायनीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि घरी आले की द्वारकाबाईंना, आपल्या बायकोला, आवर्तसारणी समजावत. द्वारकाबाईंनी त्या सारणीची ओवीच केली होती: ‘ओळीनं चालता गं, अणू जाई आकसून, पायरी उतरता, बसे अंग पसरून.’ शेवटच्या घरातले म्हणजे कुणातच न मिसळणारे वायू. द्वारकाबाईंना जाऊन दीड वर्ष झालं आणि कडावच्या घरात तात्या एकटेच उरले.

आज नात आली होती. अकरावीतली श्रिया. आवर्तसारणी समजून घ्यायची आणि चारच्या गाडीने ठाण्याला परत. ‘राहा गं’ एवढं म्हणायला तात्या सकाळपासून धडपडत होते. पण पोरीची परीक्षा तोंडावर. म्हणून ते म्हणाले, “आधी चहा.”

आणि चहाबरोबर धडाही. स्वयंपाकघरातली डब्यांची फळी तात्यांनी स्वतः सारणीसारखी लावली होती. पहिल्या उभ्या रांगेत पिठीसाखर, तिच्याखाली साखर, तिच्याखाली खडीसाखर: गुण एक, दाणा जाडा होत जाणारा. आडव्या ओळीत उजवीकडे सरकावं तशी चव झणझणीत. डब्यांवर नावं नाहीत. “जागा कळली की स्वभाव कळतो,” म्हणत त्यांनी न बघताच दुसऱ्या डब्यातले दोन चमचे टाकले.

श्रियाने घोट घेतला आणि नम्रपणे खिडकीबाहेर पाहिलं. जाडं मीठ होतं.

तात्या डगमगले नाहीत. साखरेच्या जागी मीठ, म्हणजे सगळे एकेक घर सरकलेत, असा हिशेब करून त्यांनी शेजारचा डबा घेतला. ती तुरटीची पूड निघाली; दूध फाटलं. तिसऱ्या खेपेला खायचा सोडा पडला आणि चहा फसफसून शेगडीवर उतरला. जळका वास शेजारी पोचला तशा विमलबाई धावत आल्या. तात्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या त्यांच्याकडूनच येत.

“फळी कुणी हलवली?” तात्यांनी दरडावलं.

“मी. दिवाळीला पुसली तवा उंचीनं लावले डबे. पाच महिने झाले की. तुमाला आज कळलं व्हय?”

विमलबाई फडकं घेऊन शेगडी पुसायला लागल्या. श्रिया मात्र आजोबांकडे बघत राहिली. रोज संध्याकाळी फोनवर हेच आजोबा सांगत, आत्ताच झकास चहा करून प्यायलो, मजेत आहे.

“आजोबा, मग तुम्ही चहा कुठे पिता?”

तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“नाक्यावर,” ते म्हणाले. “एका कपासाठी आधण ठेववत नाही गं. आजचा दिवस राहा. मला करमत नाही.”