तीन नंबरच्या रांगेत सांडलेलं तेल

कात्रजच्या त्या मोठ्या स्टोअरमध्ये रंगराव ढमाले बिस्किटांचे पुडे मांडत होते, तेवढ्यात रांगेच्या टोकाला त्यांना मुक्ताताई दिसल्या. रंगरावांच्या हातातला पुडाच गळून पडला. बावीस वर्षं या बाई त्यांच्या किराणा दुकानाच्या गिऱ्हाईक होत्या. हे स्टोअर आलं, दोन वर्षांत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, आणि आता रंगराव महिना बारा हजारांवर इथंच माल लावत होते. सोसायटीत मात्र त्यांनी ‘एका कंपनीचं काम बघतो’ असं सांगून ठेवलं होतं.

त्यांनी घाईघाईनं अंगातलं स्टोअरचं हिरवं जॅकेट काढून खोक्यामागे कोंबलं, एक रिकामी ट्रॉली ओढली आणि हाताला येईल ते तिच्यात टाकायला सुरुवात केली.

“अय्या, रंगराव! तुम्ही इथं?”

“थोडं सामान घ्यायचं होतं, ताई. तुम्ही?”

“मी आपली सहजच. एसी असतो ना इथं, बरं वाटतं.”

बोलता बोलता मुक्ताताईंनी पदर आपल्या ट्रॉलीवर पसरला, पण पाच किलो साखर काही पदराखाली मावेना. रंगरावांच्या दुकानात येणं थांबवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. रंगरावांनी चटकन मान फिरवली आणि न बघताच शेजारचा एक गठ्ठा उचलला.

“डायपर?” मुक्ताताईंनी विचारलं. “घरात लहान कोण आहे?”

“पाहुणे येणार आहेत.”

“अगबाई. किती लहान?”

रंगराव वयाचा विचार करत होते, तोच माइक खरखरला. फ्लोअर मॅनेजर योगेशचा आवाज सगळीकडे घुमला. “रंगराव ढमाले, तीन नंबरच्या रांगेत तेल सांडलंय. फडकं घेऊन या.”

रंगरावांनी शाम्पूची एक बाटली उचलली आणि मागचा मजकूर मन लावून वाचायला घेतला.

“ढमाले काका, लवकर! नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार कापीन.”

“तुमच्या नावाचं कुणीतरी आहे वाटतं इथं,” मुक्ताताई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

“असेल.”

रंगरावांनी बाटली फिरवून पुढचा मजकूर वाचायला घेतला.

“त्यांना म्हणावं, जाऊन या,” मुक्ताताई हळूच म्हणाल्या. “कुणीतरी घसरून पडेल. ट्रॉली मी धरते.”

रंगरावांचे कान तापले. जॅकेट चढवून ते गेले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी तेल पुसलं. फरशी कधीच कोरडी झाली होती, तरी ते पुसत राहिले. परत आले तेव्हा मुक्ताताई दोन्ही ट्रॉल्या धरून तिथंच उभ्या होत्या.

“याचं बिल?”

“बिल नाही, ताई. जिथलं तिथं लावायचंय. मलाच.”

मुक्ताताईंनी डायपरचा गठ्ठा उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला. मग शाम्पू. मग बिस्किटं. तेवढ्यात योगेश धावत आला.

“मॅडम, राहू द्या! गिऱ्हाइकांनी माल नाही लावायचा.”

“मी तुमची गिऱ्हाईक नाही,” मुक्ताताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “यांच्या दुकानातून पळून आलेली आहे.”

योगेशला काही उमगलं नाही. रंगराव मात्र सरळच असलेले पुडे पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले.